ज्याच्याकडे माझं नाव आहे

१८ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

तुझे तीन फोन येऊन गेले. पाहिले आणि घेतले नाहीत, राग मानू नकोस. हल्लीच्या फोनमध्ये माणसं तोंडात रुमाल धरून बोलतात. माझा भाऊ गेल्यापासून त्याच्या बायकोची खुशाली मी पत्रानेच विचारत आले आहे, तेच बरं. कागदावरचं निदान दोनदा वाचता येतं.

आता कामाचं सांगते. इथे माझ्यावर कोणाची तरी नजर आहे.

आधी आमच्या चर्चमधला डबा समजून घे. पाळकांनी या वर्षी नवीन टूम काढली. जानेवारीच्या पहिल्या रविवारी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात मंडळीतल्या प्रत्येकाच्या नावाची एकेक चिठ्ठी टाकली आणि डबा फिरवला. ज्याचं नाव हाती येईल त्याच्यासाठी वर्षभर गुपचूप काहीतरी चांगलं करायचं. सांगायचं नाही, मिरवायचं नाही. स्वतःचंच नाव आलं तर परत टाकून दुसरी चिठ्ठी उचलायची. वर्षाच्या शेवटच्या रविवारी प्रत्येकाने उभं राहून कोणाचं नाव होतं आणि काय केलं ते सांगायचं. स्वतःवर करता तशी शेजाऱ्यावर प्रीती करा, या वचनाचा म्हणे हा सराव. मी पाळकांना म्हटलं, मी स्वतःवर जशी माया करते तशी शेजाऱ्यावर केली तर शेजारी पोलिसात जाईल. ते हसले. मी विनोद केला नव्हता.

मला कोणाचं नाव आलं ते विचारू नकोस. सांगायचं नसतं.

तर झालं असं, की गेल्या रविवारी मी खांबाजवळच्या माझ्या नेहमीच्या जागेवर गेले तर बसायच्या उशीखाली एक कागद. त्या दिवशी म्हणायच्या चार गीतांचे क्रमांक पेन्सिलीने ओळीने लिहिलेले. काल पुन्हा तसाच कागद. इतरांच्या उशा मी उचलून पाहिल्या, कोणाकडे काही नाही. पाळक क्रमांक तोंडाने सांगतातच की. मग मलाच लिहून का द्यावे? मला ते ऐकू येत नाहीत असं कोणाला वाटतंय, आणि का वाटतंय? फुकट कोणी कोणासाठी पेन्सिलसुद्धा झिजवत नाही. चाळीस वर्षांत मी एवढं शिकले आहे.

तुझं मत कळव. तू माणसं पाहतेस, मी पियानो.

तुझी,
ताई

२७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पत्र वॉर्डमधल्या बायकांना वाचून दाखवलं (नाव न सांगता). पोलिसात जाणाऱ्या शेजाऱ्याचं ऐकून टाके घातलेल्या एक बाई हसल्या आणि मला डॉक्टरांची बोलणी खावी लागली.

अहो, यात कोडं कसलं? ज्याच्या हाती तुमच्या नावाची चिठ्ठी आली त्याने हे केलंय. वर्षभर चांगलं करायचंय, त्या बिचाऱ्याला सुचलं ते केलं. तुम्ही उशा उचलून पाहण्यापेक्षा गीतं म्हणा. तुमचं म्हणजे कसं, कोणी वाट दिली तरी तुम्ही आधी खड्डा शोधता.

एक विचारू? मागच्या वेळी मी आले होते तेव्हा दारावरची बेल चार वेळा वाजवली होती. तुम्ही आतच होतात. आणि तुम्ही फार हळू बोलायला लागला आहात, मला पुढे वाकून ऐकावं लागत होतं. सहज आठवलं म्हणून लिहिलं.

माझं ठीक. कंबरेला पट्टा बांधून ड्यूटी करते आहे. पेशंट उचलताना काहीतरी सरकलंय. घरी आल्यावर बूट काढायला वाकता येत नाही, तेव्हा ह्यांची आठवण येते. ते असते तर हसले असते आणि मग काढून दिले असते.

तुमची,
धाकटी

९ एप्रिल

प्रिय धाकटे,

ज्याच्याकडे माझं नाव आहे त्याने हे केलेलं नाही. असूच शकत नाही. कसं ते विचारू नकोस, पण हे मी लिहून देते. म्हणून तर मला झोप लागत नाही. चिठ्ठीमुळे केलं असतं तर समजलं असतं की नियम पाळतोय. चिठ्ठी नसताना कोणी माझं भलं का करेल?

आता पुढचं ऐक. परवा शाळेच्या सभागृहातला पियानो बघायला गेले. तो मी महिन्यापूर्वीच जुळवला होता. पुढची फळी काढली तर आत, खालच्या सप्तकातल्या जाड तारांच्या खुंट्यांशेजारी, पांढऱ्या खडूचे सात ठिपके. अगदी बारीक, बाहेरून दिसणार नाहीत असे. मी त्या सात तारा पुन्हा तपासल्या. सातही उतरलेल्या होत्या.

धाकटे, तुला म्हणून सांगते, आणि हे पत्र वॉर्डात वाचलंस तर माझ्याशी गाठ आहे. त्या तारा उतरल्या नव्हत्या. त्या मीच तशा ठेवल्या होत्या. मला खालचे सूर नीट ऐकू येत नाहीत. दीड वर्ष झालं. दोन तारा एकमेकींशी पटत नसल्या की एक थरथर ऐकू येते, ती थांबली की सूर जुळला, हेच आमचं काम. खाली मला ती थरथरच येत नाही. मी एक युक्ती काढली आहे. लाकडी पट्टीचं एक टोक पियानोला टेकवायचं आणि दुसरं दातात धरायचं, की सगळं लख्ख ऐकू येतं. सूर तपासायचा बाबांचा स्वरकाटासुद्धा हवेत धरला तर मुका आणि दांडी दातात धरली तर घंटेसारखा. पण सभागृहात कोणी असलं की दातात पट्टी धरून कशी बसू? लोक म्हणतील, पियानो खायला लागली. आणि मला हल्ली मी ओरडून बोलतेय असं वाटतं, तर लोक म्हणतात मोठ्याने बोला.

आता संशय कोणावर ते सांगते. डिसेंबरात शाळेला एक नवीन संगीत शिक्षिका मिळाली. रविवारी चर्चमध्येही तीच वाजवते. मी तिला साखरबाई म्हणते. बोलताना इतकी गोड, की चहात वेगळी साखर नको. माझ्या तोंडाकडे तोंड करून, सावकाश बोलते, मी काय लहान मूल आहे? कानामागून आली आणि तिखट झाली ही म्हण ठाऊक होती, ही गोड झालेली पहिलीच. शाळा आणि चर्च, दोन्हीकडच्या चाव्या तिच्याकडे. ठिपके तिनेच काढले असणार. पुरावा गोळा करते आहे. एक दिवस मुख्याध्यापिकांना फळी काढून दाखवेल, हे पाहा तुमच्या बाईंचं काम, आणि तिच्या ओळखीचा कोणीतरी पियानोवाला दारात उभाच असेल.

हे काम गेलं तर माझ्याकडे दुसरं काय आहे सांग. मला बाबांनी दुसरं काही शिकवलं नाही आणि मी मागितलं नाही.

सात तारा जुळवल्या, ठिपके ओल्या फडक्याने पुसले.

तुझी,
ताई

१६ एप्रिल

प्रिय ताई,

वॉर्डात वाचलं नाही. आम्ही नर्सेस डबा खातो त्या खोलीत बसून एकटीने तीनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा मी आनंदाने मांडीवर थाप मारली.

अहो, दातातून ऐकू येतंय. हवेतून नाही, पण हाडातून लख्ख ऐकू येतंय. शिवाय तुम्हाला स्वतःचा आवाज मोठा वाटतो, म्हणून तुम्ही हळू बोलता. मी काही डॉक्टर नाही, पण कानाच्या वॉर्डात सहा वर्षं काढली आहेत. नस मेली असती तर दातांनीही काही केलं नसतं. बहुतेक कानातलं एखादं इवलं हाड अडकून बसलं असेल. ते मोकळं करायचं ऑपरेशन असतं, नाहीतर यंत्र असतं. आणि गंमत माहीत आहे? हे तपासायला कानाचे डॉक्टरही स्वरकाटाच वापरतात. कानाशी धरतात, मग कानामागच्या हाडाला टेकवतात. दीड वर्ष तुम्ही स्वतःची तपासणी स्वतःच करत बसला आहात आणि निकाल कोणाला सांगत नाही आहात.

उद्या जा. परवा नाही, उद्या.

साखरबाईंचं म्हणाल तर मला एक कळत नाही. ज्याला तुमचं वाईट करायचं असेल तो ठिपके आतून का काढेल, तुम्हालाच दिसतील असे? तो सरळ मुख्याध्यापिकांकडे जाईल. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं तर नाही ना? आणि ज्याच्याकडे तुमचं नाव आहे त्याने केलंच नाही हे तुम्हाला इतकं छातीठोक कसं माहीत?

कंबर अजून तशीच. डॉक्टर म्हणतात रजा घ्या. घरात एकटीने रजा घेऊन काय करू?

तुमची,
धाकटी

२ मे

धाकटे,

एकच प्रश्न आहे. कोणाला सांगितलंस?

काल संध्याकाळी दाराच्या फटीतून एक कागद आत सरकवलेला सापडला. कानाच्या दवाखान्याचं पत्रक. पत्ता, वेळा, आणि एका डॉक्टरच्या नावाखाली पेन्सिलीने रेघ. तीच पेन्सिल, गीतांच्या क्रमांकांची.

कान ही गोष्ट मी जन्मात एकाच माणसाला लिहिली. तुला. मी लिहिल्यावर तीन आठवड्यांत कानाचं पत्रक माझ्या दारात. पाळकांचा फोन नंबर तुझ्याकडे आहे, भावाच्या अंत्यविधीच्या वेळी तूच घेतला होतास. तू त्यांना कळवलंस, त्यांनी साखरबाईला कळवलं, आता सगळ्या मंडळीला माहीत आहे की पियानोवाली बहिरी आहे. भल्यासाठीच केलं असशील. आजवर माझं जे जे बिघडलं ते कोणीतरी भल्यासाठीच केलेलं होतं.

दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं. तुला मी ताक समजत होते.

मी डॉक्टरकडे जाणार नाही. गेले तर सगळं खरंच आहे असं होईल.

ताई

८ मे

वन्सं,

तुम्हाला मी लग्नानंतरचा पहिला महिनाभर वन्सं म्हणत होते. मग तुम्हीच म्हणालात, ताई म्हण. आज ताई म्हणवत नाही.

मी कोणाला सांगितलेलं नाही. पाळकांना नाही, देवालासुद्धा नाव घेऊन सांगितलं नाही, म्हटलं तुम्हाला आवडणार नाही. याहून जास्त पुरावा माझ्याकडे नाही.

तुम्हाला दोन पत्रांत मी कंबरेचं लिहिलं. तुम्ही मागच्या दोन्ही पत्रांत त्यावर एक अक्षर लिहिलं नाहीत. मी पत्रं पुन्हा काढून पाहिली, म्हटलं माझ्याकडून ओळ सुटली असेल. सुटली नव्हती. शेजारी पोलिसात जाईल असं तुम्ही म्हणाला होतात, आम्ही हसलो होतो. विनोद नव्हता हे मला आता कळलं. तुम्ही स्वतःवर करता तशीच माया माझ्यावर केलीत. स्वतःच्या दुखण्याकडे पाहत नाही, माझ्याही नाही. स्वतःवर विश्वास नाही, माझ्यावरही नाही. वचन अगदी तंतोतंत पाळलंत.

तीन तारखेपासून मी सक्तीच्या रजेवर आहे. पाठीवर पडून राहायचं आहे. शेजारच्या खोलीतली विद्यार्थिनी पाणी भरून देते. मी तिला का देतेस म्हणून विचारत नाही.

धाकटी

९ नोव्हेंबर

प्रिय धाकटे,

तुझी कंबर कशी आहे?

हे वाक्य लिहायला मला सहा महिने लागले. चार वेळा पत्र लिहिलं आणि चारही वेळा पहिलं वाक्य माझ्याबद्दलच झालं, म्हणून फाडलं. बूट घालता येतात का? ड्यूटी सुरू झाली का? ती विद्यार्थिनी अजून आहे का? मला खरंच हवं आहे हे. तू लिहिलेलं सगळं खरं होतं. तुझ्यावर आळ घेतला, तो खोटा होता. मला माफ कर. तू मला वन्सं लिहिलंस त्या दिवसापासून ते पत्र माझ्या हत्यारांच्या पेटीत आहे. पेटी उघडली की आधी तेच दिसतं, तशीच सोय केली आहे.

आता झालं ते सांगते.

पत्रकानंतरही ते चालूच राहिलं. रविवारी उशीखाली कागद. पियानोत ठिपके, कधी पाच, कधी दोन. मी जुळवायची आणि पुसायची. कोणीही फळी काढून कोणाला काही दाखवलं नाही. जून गेला, ऑगस्ट गेला. माझी चोरी पकडून ठेवून कोणी इतके महिने गप्प बसतं का? मला वाटे, मोठा घाव घालायची तयारी चालली आहे. आपण किती हुशार असतो बघ.

गेल्या मंगळवारी ठरल्या वेळेच्या आधी तासभर शाळेत गेले. सभागृहाचं दार उघडं. साखरबाई गुडघ्यांवर बसून पियानोच्या आत वाकलेली, हातात खडू. मी मागे जाऊन उभी राहिले. रंगेहाथ पकडायचं म्हणून सात महिने जे वाक्य घोटून ठेवलं होतं ते ऐन वेळी विसरले. एवढंच म्हटलं, "कोणासाठी गोळा करताय हे?"

ती दचकली, डोकं फळीला आपटलं. मग तिथेच जमिनीवर बसली आणि माझ्याकडे तोंड करून सावकाश बोलली. हळूहळू मला कळलं की ती सगळ्यांशी तशी बोलत नाही, फक्त माझ्याशी बोलते.

तिने सांगितलं ते असं. जानेवारीच्या त्या रविवारी ती पियानोवर होती. डबा तिच्यापर्यंत आला तेव्हा रिकामा होता. ती नवीन, तिचं नाव डब्यात टाकायचंच राहिलं होतं. म्हणजे तिच्याकडे कोणाचं नाव नाही आणि तिचं नाव कोणाकडे नाही. पाळकांना तिने सांगितलं नाही, त्यांना ओशाळं वाटेल म्हणून. पियानोवरून सगळी मंडळी समोर दिसते. पुढचे पाच आठवडे ती पाहत राहिली. कोणाच्या जागेवर फुलं, कोणाची छत्री शिवून आलेली, कोणाला कोणी घरी सोडतंय. खांबाजवळच्या एका बाईकडे मात्र कोणीही फिरकत नाही. आणि ती बाई गीताचा क्रमांक सांगितला की शेजारणीच्या पुस्तकात डोकावून मग आपलं पुस्तक उघडते.

कानाचं तिला कोणी सांगितलं नव्हतं, धाकटे. तिने पाहिलं होतं. आणि शाळेत वाजवताना खालच्या तारांतून ऐकलं होतं.

मी विचारलं, सरळ मला का नाही सांगितलं. म्हणाली, "सांगायचं नाही असा नियम आहे ना. आणि सांगितलं असतं तर तुम्ही पेटी उचलून गेला असता, परत आला नसता."

मग तिचा आवाज चढला. साखर वगैरे काही राहिली नाही. म्हणाली, "मला राग येतो तो ज्याच्याकडे तुमचं नाव आहे त्या माणसाचा. अख्खं वर्ष गेलं, एक साधी गोष्ट केली नाही त्याने तुमच्यासाठी. एकदा विचारलं नाही की बाई, ऐकू येतं का. त्याचा वाटा मी उचलला, मला जड नाही झाला. पण असा कसा माणूस? चिठ्ठी खिशात घालून झोपतो तरी कसा?"

आणि मी काय केलं असेल? मी त्या माणसाची बाजू घ्यायला लागले. म्हटलं, वाईट नसेल हो तो, भित्रा असेल. त्याला कोणी शिकवलं नसेल. ती म्हणाली, "तुम्ही ओळखता त्याला?"

मी पर्स उघडली, आतल्या कप्प्याची चेन ओढली आणि चिठ्ठी तिच्या हातात दिली. जानेवारीपासून तिथेच होती. माझ्या नावाची.

हो धाकटे. माझ्याच हाती माझं नाव आलं होतं. म्हणून मी तुला छातीठोक लिहीत होते की ज्याच्याकडे माझं नाव आहे त्याने काही केलेलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं दुसऱ्यांना किती वेळा हिणवलं आहे मी. नियमाप्रमाणे परत टाकायला हवी होती. टाकली नाही. टाकली असती तर कोणाच्या तरी हाती गेली असती, त्या माणसाने माझ्याकडे वर्षभर नीट पाहिलं असतं आणि त्याला कानाचं कळलं असतं. म्हणून चिठ्ठी मुठीत दाबली, आणि सगळ्यांसारखं मान खाली घालून प्रार्थना केली. माझं नाव सुरक्षित राहावं म्हणून मी ते अशा माणसाकडे ठेवलं जो माझ्याकडे कधीच पाहणार नाही.

साखरबाईने चिठ्ठी वाचली, उलटी करून पाहिली, पुन्हा वाचली. मला वाटलं हसेल. ती रडली. मग नाक पुसून शिक्षिकेच्या आवाजात म्हणाली, "वर्ष संपायला अजून वेळ आहे." आणि उठून खालचा पहिला सूर वाजवला. मी तिच्यासमोर पट्टी काढून दातात धरली. पहिल्यांदाच कोणासमोर. चार तारा होत्या, चारही जुळवल्या.

तुझं एप्रिलचं पत्र मी पुन्हा वाचलं. त्यात 'उद्या जा' असं लिहिलं आहे. सात महिने उशीर झाला, पण येत्या मंगळवारी सकाळी दहाची वेळ घेतली आहे. ज्या नावाखाली रेघ होती त्याच डॉक्टरची. ऑपरेशन म्हणाले तर कोणीतरी घरचं लागेल म्हणे. कंबर बरी असेल तर येशील का? नसेल तर येऊ नकोस, मीच तुझ्याकडे येईन आणि तुझे बूट काढून देईन. हसेनही, माझा भाऊ हसायचा तसं. आणि आलीस तर आता बेल चार वेळा वाजवावी लागणार नाही, साखरबाईने दाराला दिवा बसवून घ्यायला लावला आहे. बटण दाबलं की आत लाल उजेड पडतो. मी तिला विचारलं नाही, का करतेस म्हणून.

शेवटच्या रविवारी उभं राहून सांगावं लागेल, कोणाचं नाव होतं आणि काय केलं. नाव सांगायची लाज आता गेली आहे. काय केलं या प्रश्नाला उत्तर हवं म्हणून मंगळवारी जाते आहे.

तुझी,
ताई
(लिहिशील ना पुन्हा ताई?)

ता.क. बाबांचा स्वरकाटा बरोबर नेते आहे. डॉक्टरांचा बेसूर असला तर पंचाईत नको.